तारण झाल्याची तारीख आठवत नसेल तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण जालना जिल्ह्यातील एका गावचा असून सध्या छत्रपती संभाजीनगरात नोकरीला आहे. त्याचा बाप्तिस्मा लहानपणी झाला, दहावीच्या सुमारास दृढीकरण (आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करण्याचा विधी) झाले आणि तेव्हापासून तो प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर व द्राक्षारस, घेत आला आहे. गेल्या उन्हाळ्यात विश्वास जागवण्यासाठी भरणाऱ्या एका संजीवन सभेत वक्त्याने सांगितले की, ज्याला आपल्या तारणाचा, म्हणजे ख्रिस्ताद्वारे पापातून सुटका झाल्याचा, दिवस सांगता येत नाही त्याचे तारण झालेलेच नाही. हा तरुण पुढे गेला, वक्त्याच्या मागोमाग प्रार्थना म्हणाला, काही दिवस मन हलके राहिले आणि मग सगळे पूर्ववत झाले. पुढच्या सभेत तो पुन्हा पुढे गेला. आता तो विचारतो की, आपला विश्वास खरा आहे हे कसे ओळखावे, त्यात नेमके काय काय येते, चांगली कृत्ये त्यात धरायची की नाहीत, आणि आपण पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का व तोवर प्रभुभोजनापासून दूर राहावे का. पत्राच्या शेवटी त्याने जाता जाता लिहिले आहे की, वडिलांच्या जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी त्याचे बोलणे बंद आहे.

मराठवाड्याच्या ग्रामीण मंडळ्यांत मी दीर्घकाळ पाळकपण केले आहे, आणि हा प्रश्न मला नवा नाही. सभांचा हंगाम संपून पेरणीची लगबग सुरू झाली की दरवर्षी तो कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतो. माझे उत्तर आधी सांगून टाकतो आणि मग त्याची कारणे देतो. विश्वासाचे सगळे बळ तो ज्याच्यावर टाकलेला आहे त्या ख्रिस्तामध्ये असते, विश्वास ठेवणाऱ्याच्या उत्कटतेत नसते. आणि तो खरा आहे की नाही हे सभेच्या मंडपात फारसे कळत नाही, ते घरी, शेतात आणि भाऊबंदांत कळते.

प्रेषित पौलाने इफिसकरांना, म्हणजे इफिस शहरातील ख्रिस्ती मंडळीला, लिहिले, ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे, आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे.’ या वाक्यात तारण करणारी कृपा आहे, आणि विश्वास हा ती स्वीकारणारा रिकामा हात आहे. हा क्रम एकदा उलटा झाला की माणूस ख्रिस्ताकडे पाहण्याऐवजी स्वतःच्या विश्वासाकडे पाहू लागतो, तो पुरेसा आहे का, मनापासून आहे का, कालच्यापेक्षा आज कमी तर नाही ना, असे सारखे चाचपत राहतो, आणि त्या चाचपण्यातच त्याचा जीव जातो. तुमच्या पत्रात मला नेमके हेच दिसले. दोन वेळा पुढे जाऊन तुम्ही जे तपासत होता ते स्वतःचे मन होते. ख्रिस्ताविषयी तुम्ही संपूर्ण पत्रात एकच वाक्य लिहिले आहे.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट मंडळ्या ज्यातून निघाल्या त्या धर्मसुधारणेच्या काळातील शिक्षकांनी विश्वासात तीन गोष्टी पाहिल्या: ख्रिस्ताविषयीची सुवार्ता ठाऊक असणे, ती खरी आहे असे मान्य करणे, आणि त्या ख्रिस्तावर स्वतः भरवसा टाकणे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीच्या एकविसाव्या प्रश्नात हेच सोप्या रीतीने आले आहे: खरा विश्वास म्हणजे केवळ निश्चित ज्ञान नव्हे, तर पापांची क्षमा इतरांनाच नाही, मलाही देऊ केलेली आहे असा मनापासूनचा भरवसा. ‘मलाही’ या शब्दावर सगळा भार आहे. पहिल्या दोन गोष्टी असून तिसरी नसणे शक्य आहे, याची उदाहरणे शास्त्रात भरपूर आहेत. अग्रिप्पा राजाला पौल म्हणतो की तुमचा संदेष्ट्यांवर विश्वास आहे हे मला ठाऊक आहे, आणि तरी अग्रिप्पा सभेतून उठून जातो. याकोब तर आणखी पुढे जातो: ‘भुतेही तसाच विश्वास धरतात व थरथर कापतात.’ भुतांचे ईश्वरविज्ञान आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा बिनचूक आहे. शोमरोनातील जादूगार शिमोन याच्याविषयी तर बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक स्पष्ट सांगते की त्याने विश्वास ठेवला आणि बाप्तिस्माही घेतला. पण थोड्याच दिवसांत पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत घेण्यासाठी त्याने पैसे पुढे केले, आणि तुझे अंतःकरण देवाच्या दृष्टीने नीट नाही असे पेत्राला त्याला सांगावे लागले.

आमच्या भागात विहीर खोदताना माणसे यारीच्या दोराला लटकणाऱ्या टोपल्यात बसून खाली उतरतात. काठावर उभा राहून दोर मजबूत आहे असे म्हणणारा आणि त्या टोपल्यात पाय टाकणारा, या दोघांची दोराविषयीची माहिती एकच असते. पाय टाकणाऱ्याचे हात कदाचित थरथरतही असतील. तरीही दोर त्यालाच तोलून धरतो, आणि त्याच्या थरथरण्याने दोराचा एक पीळही सैल होत नाही.

ज्ञान मात्र क्षुल्लक समजू नका. अलीकडे ‘फक्त मनापासून विश्वास ठेवा’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे, आणि कोणावर, कशासाठी, हे सांगायचे राहून जाते. विश्वास वार्तेने होतो असे पौल रोमकरांस लिहितो, आणि ती वार्ता काय आहे हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याने नेमके मांडले आहे: शास्त्राप्रमाणे ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, त्याला पुरण्यात आले, आणि शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला. वधस्तंभावरील चोराला यापेक्षाही कमी ठाऊक होते. परंतु जे ठाऊक होते ते मुद्द्याचे होते. आपण शिक्षेस पात्र आहोत, शेजारचा निर्दोष आहे, आणि त्याच्याजवळ राज्य आहे, इतके जाणून त्याने स्वतःला त्याच्या हवाली केले. माझ्या मंडळ्यांतील अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे हे ज्ञान अनेकदा मला पदवीधरांपेक्षा अधिक स्वच्छ आढळले आहे. त्यांना ‘नीतिमान ठरवणे’, म्हणजे देवाने पाप्याला निर्दोष मानणे, या विषयावर चार वाक्ये बोलता येणार नाहीत, पण ‘माझ्या पदरात काय आहे, त्यानंच केलं ते’ असे त्या ज्या सहजतेने म्हणतात त्यात पौलाचे बहुतेक सारे आले आहे.

जालन्याच्या ख्रिस्ती लोकांचा या विषयाशी जुना संबंध आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले, आणि जवळच त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, आणि त्या परंपरेचे विश्वासपत्रक म्हणजे १६४७ चे वेस्टमिन्स्टर. त्याचा चौदावा अध्याय तारणदायी विश्वासावरच आहे. विश्वासाची मुख्य कृती तिथे अशी सांगितली आहे की नीतिमान ठरण्यासाठी, पवित्र होण्यासाठी आणि सार्वकालिक जीवनासाठी ख्रिस्ताला, आणि केवळ ख्रिस्तालाच, मान्य करावे, स्वीकारावे आणि त्याच्यावर विसावावे. ‘केवळ’ हे त्यातील अवघड पथ्य आहे. आमच्याकडे प्रार्थनेनंतर आजार बरा झाला म्हणून येशूची तसबीर देवघरात इतर देवांच्या रांगेत लावणारी घरे आहेत. त्यांचा आदर मनापासूनचा असतो, आणि तो हिणवू नये. पण ज्याच्याकडून एक काम झाले त्याच्याविषयीची ती कृतज्ञता आहे, त्याला आपले सर्वस्व सोपवणे अजून झालेले नाही. आणि हे बोट बाहेरच्यांकडे दाखवून आपण सुटत नाही. चाळीस दिवस उपास केला, दशांश दिला, संजीवन सभेच्या मंडपाचा खर्च उचलला, आता देवाने मुलाला नोकरी दिलीच पाहिजे, असा हिशेब मी चांगल्या वडीलजनांच्या तोंडून ऐकला आहे. तो नवसच आहे, फक्त भाषा ख्रिस्ती आहे. त्यात माणूस ख्रिस्तावर विसावत नाही, स्वतःच्या उपासावर विसावतो.

आता तारखेचा प्रश्न. वक्त्याने सांगितलेला नियम पवित्र शास्त्रात नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात, एकाच फिलिप्पै शहरात, दोन माणसे विश्वास ठेवतात. तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या बाबतीत भूकंप होतो, दरवाजे उघडतात, तो तलवार उपसतो आणि मग थरथरत ‘माझे तारण व्हावे म्हणून मी काय करावे’ असे विचारतो. त्याला ती रात्र जन्मभर आठवली असणार. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया मात्र नदीकाठी ऐकत बसली होती, आणि प्रभूने तिचे अंतःकरण उघडले, एवढेच लूक लिहितो. दोघांचाही विश्वास पौलाने सारखाच मानला, दोघांनाही बाप्तिस्मा दिला आणि दोघांच्याही घरी तो गेला. तीमथ्याच्या बाबतीत तर एवढेही नाही. त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी जो निष्कपट विश्वास होता तोच त्याच्या ठायी आहे आणि बालपणापासून त्याला पवित्र शास्त्र ठाऊक आहे, इतकेच पौल नोंदवतो. ज्याला आईने मांडीवर घेऊन प्रार्थना शिकवली त्याला तारीख कुठून आठवणार? उजेड झाला आहे की नाही हे सांगायला सूर्य किती वाजता उगवला ते ठाऊक असावे लागत नाही.

तारखेचा आग्रह धरणारे बहुधा मेथोडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचे उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खरे आहे. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत, धर्मसुधारक लूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना, आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाले आणि ख्रिस्ताने माझीच पापे दूर केली अशी खात्री मिळाली, असे वेस्लीने लिहून ठेवले आहे. त्याआधी तो दीक्षित पाळक होता आणि अमेरिकेत मिशनरी म्हणून जाऊनही आला होता. मात्र या गोष्टीचा उत्तरार्ध सभांतून सांगितला जात नाही. उतारवयात वेस्लीने दासाचा विश्वास आणि पुत्राचा विश्वास असा भेद केला, आणि देवाचे भय धरून चालणाऱ्या पण अजून खात्री न लाभलेल्या माणसांना आरंभीच्या मेथोडिस्ट उपदेशकांनी या भेदाची पुरेशी जाण न ठेवता वागवले, हे त्याने १७८८ च्या आपल्या उपदेशात मोकळेपणाने मान्य केले. मराठवाड्यात मेथोडिस्ट मंडळ्या पुष्कळ आहेत. त्यांच्या संस्थापकाचा हा उत्तरार्ध त्यांच्या तरुणांनाही ऐकवायला हवा. हात वर करून पुढे येण्याची पद्धतसुद्धा प्रेषितांच्या काळची नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत, विशेषतः चार्ल्स फिनीच्या सभांमधून, तिचा प्रसार झाला. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. काहींच्या आयुष्यात तिचा खरा उपयोग झाला आहे. पण पुढे येणे ही तारणाची अट करणे म्हणजे कृपेच्या दाराला आपल्या पदरची कडी लावणे होय.

तारखेपेक्षा ज्या गोष्टीविषयी मी तुम्हाला विचारीन ती म्हणजे पश्चात्ताप. येशूचा पहिला उपदेशच ‘पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा’ असा आहे. या दोन गोष्टी एकाच वळण्याच्या दोन बाजू आहेत. जो ख्रिस्ताकडे वळतो त्याची पाठ आपोआप कशाकडे तरी होते. आपल्या सभांतून पश्चात्ताप म्हणजे रडणे असा समज झाला आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, त्याने रुपयेही परत नेऊन टाकले. पण तो ख्रिस्ताकडे गेला नाही. येशूला नाकारल्यावर पेत्र मोठ्या दुःखाने रडला आणि पुढे किनाऱ्यावर येशू दिसताच त्याने समुद्रात उडी टाकली. ईश्वरप्रेरित दुःख तारणदायी पश्चात्तापास कारणीभूत होते आणि ऐहिक दुःख मरणास, असे पौल करिंथकरांना लिहितो, ते हेच.

माझ्या एका मंडळीत एक शेतकरी बाप्तिस्म्याची तयारी करीत होता. प्रश्नोत्तरे त्याला धड पाठ होत नसत. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय या श्रीमंत जकातदाराची, लुबाडलेले चौपट परत करणाऱ्याची, गोष्ट वाचून झाली त्या दिवशी तो काही न बोलता उठून गेला. पुढच्या आठवड्यात त्याने सांगितले की चुलतभावाच्या बाजूचा बांध त्याचे वडील आणि त्यांच्यामागे तो स्वतः, दरवर्षी नांगरताना थोडा थोडा कोरत आले होते, आणि नेमका किती कोरला हे आता त्यालाही ठाऊक नव्हते. त्याने तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिला आणि फी स्वतः भरली. भूकरमापक आला तेव्हा चुलतभाऊ सातबारा आणि जुना नकाशा हातात घट्ट धरून, दोन माणसे सोबत घेऊन उभा होता. कारण आमच्याकडे मोजणी मागवणारा माणूस जमीन मिळवण्यासाठीच मागवतो, असा सगळ्यांचा अनुभव आहे. खुणा रोवल्या गेल्या आणि उभ्या कपाशीच्या तीन ओळी पलीकडे गेल्या. भूकरमापकाने पुन्हा साखळी लावायची का असे विचारले, तर हा म्हणाला, ‘नको साहेब, बरोबर आहे.’ चुलतभावाने त्याला त्या दिवशी चहा पाजला नाही, आणि पुढे कित्येक महिने यामागे काही डाव असेल असेच तो गावात सांगत राहिला.

त्या शेतकऱ्याचे तारण तीन ओळी कपाशीने झाले काय? नाही. जक्कयाचेही तारण चौपट परत केल्याने झाले नव्हते. येशूने त्याला उंबराच्या झाडावरून आधी खाली बोलावले, तुझ्या घरी आज मला उतरले पाहिजे असे आधी म्हटले. अर्धे द्रव्य आणि चौपट परतफेड नंतर आली. ‘आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे शब्द मात्र परतफेडीचा बोल उच्चारला गेल्यावरच आले, कारण आता ते तारण लोकांना दिसू लागले होते. कृपा आधी येते, पण ती आल्याचा पत्ता माणसाच्या बांधावर लागतो.

कृत्यांविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे. तरी पौल आणि याकोब यांच्यात विरोध आहे असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. दोघेही अब्राहामाचे उदाहरण घेतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाबतीत नीतिमत्त्व असे गणले गेले. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात आहे. इसहाकाच्या अर्पणाची गोष्ट बाविसाव्या अध्यायात, म्हणजे पुष्कळ वर्षांनंतरची आहे. पौल पंधराव्या अध्यायावर बोट ठेवून विचारतो की, सुंता नव्हती, नियमशास्त्र नव्हते, मग तो कशाने नीतिमान गणला गेला? याकोब बाविसाव्या अध्यायावर बोट ठेवून विचारतो की, पंधराव्या अध्यायातील विश्वास जिवंत होता हे कशावरून? पौलासमोर कृत्यांवर भिस्त ठेवणारा माणूस आहे, याकोबासमोर उघड्यानागड्या भावाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे म्हणून वाटेला लावणारा. पौलानेच गलतीकरांस ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ असे लिहिले, आणि इफिसकरांस कृपेचे जे वाक्य मी वर दिले आहे त्याच्यापुढे दोनच वचनांनी, सत्कृत्ये करण्यासाठी आपण निर्माण केलेले आहोत, असेही लिहिले. शेजारीपाजारी आपल्याला ‘तुमचं बरं आहे, विश्वास ठेवा आणि काहीही करा’ असे थट्टेने म्हणतात, त्याचा दोष पौलाकडे जात नाही. तो आपल्या जगण्याकडे येतो.

गावात रोमन कॅथलिक नातलग असतील तर त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालत बसू नका. १५४७ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने केवळ विश्वासाने नीतिमान ठरण्याची सुधारकांची मांडणी नाकारली होती हे खरे. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि पुढे २००६ मध्ये मेथोडिस्टांनीही तिला संमती दिली. मतभेद सगळे मिटलेले नाहीत, तरी पूर्वीइतके खोलही राहिलेले नाहीत.

शंका येतात म्हणून विश्वास खोटा आहे असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे, तो चुकीचा आहे. आजारी मुलाच्या बापाने येशूला ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे म्हटले, आणि मुलगा बरा झाला; आधी अविश्वास घालवून ये असे त्याला सांगण्यात आले नाही. वर सांगितलेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रकात विश्वास दुर्बळ किंवा सबळ असू शकतो असे म्हटले आहे, आणि अठराव्या अध्यायात तर असे स्पष्ट आहे की तारणाची पक्की खात्री ही विश्वासाच्या गाभ्याचा असा अविभाज्य भाग नाही की ती नसताना विश्वासच नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिची दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, अनेक अडचणींशी झगडावे लागू शकते. सभेनंतरचा हलकेपणा ओसरला याचे मला काही विशेष वाटत नाही. भावना ओसरतातच. पेरलेल्या बीच्या दाखल्यात खडकाळीवरचे बी आनंदाने लगेच उगवते आणि ऊन लागताच करपते. चांगल्या जमिनीतल्या माणसांविषयी मात्र लूकने ‘धीराने फळ देत जातात’ असे लिहिले आहे. तिथे आनंदाचा उल्लेख नाही, धीराचा आहे.

इथे एका शिकवणीविषयी कठोर बोलणे भाग आहे. आपल्या भागात फिरणारे काही उपदेशक असे सांगतात की विश्वास खरा असेल तर आजार राहणार नाही, कर्ज राहणार नाही, आणि राहिले तर विश्वास कमी पडला. मूल गमावलेल्या आईला हे ऐकवले गेल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यासारखे क्रूर बोलणे मला दुसरे ठाऊक नाही. पौलाच्या शरीरातील काटा तीनदा विनंती करूनही काढला गेला नाही. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारी सोडून आला. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला त्याने दिला. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आहेत आणि त्याच विश्वासाने करवतीने चिरले गेलेलेही आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्या काळात मी हबक्कूकच्या शेवटच्या अध्यायावर उपदेश करीत असे: अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलींना फळ आले नाही, शेतांनी अन्न दिले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन. समोर बसलेल्यांना त्या यादीत मोसंबी कुठे घालायची ते सांगावे लागले नाही. ज्यांनी त्या वर्षी कुऱ्हाड लावून स्वतःच्या बागा सरपणासाठी तोडल्या आणि तरी रविवारी येऊन बसले, त्यांचा विश्वास कमी पडला होता असे म्हणणाऱ्याला विश्वास कशाशी खातात हेच ठाऊक नाही.

तुम्ही आणखी एक शंका लिहिली आहे, आणि ती आमच्या भागातील पुष्कळ ख्रिस्ती तरुणांना आतून पोखरते. पणजोबांनी दुष्काळात, पोटासाठी धर्म बदलला असे लोक म्हणतात. मग आमच्या घराण्याचा विश्वास मुळातच खोटा नाही का? पहिली गोष्ट अशी की उपाशी माणसाच्या हेतूची चौकशी पोट भरलेल्यांनी करणे शोभत नाही. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांना बेथेलसारख्या ठिकाणी शाळा आणि माणूस म्हणून हाक मिळाली, तिला केवळ भाकरी म्हणणे हेही अज्ञान आहे. दुसरे असे की शुभवर्तमानात येशूकडे येणारी बहुतेक माणसे गरजेपोटीच आली. कोणाला दृष्टी हवी होती, कोणाची मुलगी मरायला टेकली होती, पाच हजारांना भाकरी मिळाली होती. येशूने भाकरीसाठी आलेल्यांना त्यांचा हेतू तोंडावर सांगितला, तरीही जीवनाची भाकर मी आहे हे त्याच लोकांना सांगितले. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला. त्या एकालाच ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे ऐकायला मिळाले. तुमचे पणजोबा कशासाठी आले हे देव जाणतो. परत फिरून त्याच्या पायांजवळ येण्याचा प्रश्न प्रत्येक पिढीला, म्हणून तुम्हालाही, स्वतःपुरता आहे, आणि दृढीकरणाच्या दिवशी तुम्हाला जाहीरपणे विचारले गेले ते हेच.

आता पुन्हा बाप्तिस्म्याचे. घेऊ नका. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्यात बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या होत्या आणि प्रौढपणीच देणाऱ्या बॅप्टिस्ट व ब्रदरन मंडळ्याही होत्या. दोन्ही रीतींना तिथे मान्यता आहे. म्हणून बालपणीचा बाप्तिस्मा अपुरा होता असे समजण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्यात देवाने दिलेले वचन आणि तुम्ही पुढे दिलेली कबुली यांपैकी वचनात खोट नव्हती. कबुली दुबळी वाटत असेल तर ती पुन्हा द्यायला पाण्याची गरज नाही. रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी ती देता येते, आणि येशूच्या दाखल्यातील जकातदाराचे ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढे शब्द तिला पुरतात.

प्रभुभोजनापासून दूर राहण्याविषयी पौलाचे शब्द नीट वाचा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे तो लिहितो. परीक्षा करून घरी बसावे असे लिहीत नाही. परीक्षेत काय निघाले ते तुम्ही स्वतःच पत्राच्या शेवटी लिहिले आहे. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे वेदीजवळ आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील येशूचे शब्द तुमच्यासाठी आहेत. वाटणी तलाठ्याकडे किंवा कोर्टात जेव्हा लागायची तेव्हा लागेल. त्यासाठी बोलणे बंद ठेवण्याची गरज नाही. गावी जा, शक्य तर मामांना किंवा दोघांचे ऐकणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला बरोबर घ्या, आणि तुमच्याकडून जे चुकले तेवढेच बोला, त्याचे काय चुकले ते काढू नका. त्याने दार उघडले नाही, किंवा उघडून शिव्या घातल्या, तरी रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे तुमच्याकडून होण्यासारखे होते ते झाले असे समजा आणि येत्या रविवारी प्रभुभोजनाला या.